होयबाची नेमणूक

छोटीने फासे पुन्हा डबीत टाकले आणि झाकण लावलं. आजही ते लागणार नव्हते, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

"म्हणजे धुरकुट नको," ती म्हणाली.

"नको असं नाही गं," दादा म्हणाला. "मी फक्त विचारतोय. तो धुराचा आहे ना? मग जोराचा वारा सुटला तर? दीपगृह समुद्रावर आहे. तिथे वाऱ्याशिवाय दुसरं काय असणार?"

"दादा, तो जादूचा प्राणी आहे."

"असेना. जादूलासुद्धा काही मर्यादा असेलच की."

वहिनी छताकडे बघत बसली होती. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. "मला धुरकुट चालेल," ते डोळे न उघडता म्हणाले, "मला सगळेच चालतील." ते भूलतज्ज्ञ होते. रविवारी दुपारी सरळ इस्पितळातून यायचे आणि सकाळभर दुसऱ्यांना झोपवून आलेल्या माणसाला स्वतःची झोप आवरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

छोटीने वयाची चाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती छोटीच होती. दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. आठवडाभर मेण, प्लास्टर आणि अनोळखी माणसांचे जबडे. तिथे दिवसाकाठी पाच वाक्यं बोलली तरी पुष्कळ. उरलेलं सगळं बोलणं ती रविवारसाठी राखून ठेवायची. रविवारी तिच्या दोन खोल्यांत खेळ असायचा. ती गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि कुणाचा घाव बसला, कुणाचा हुकला, हे फासे ठरवायचे. दादा योद्धा होता. वहिनी चोर होती, आणि चोरी तिला फार सहज जमायची. डॉक्टर दादाच्या शाळेपासूनचे मित्र, ते जादूगार.

वर्षभराच्या मारामाऱ्यांनंतर या टोळीला राहायला स्वतःची जागा मिळाली होती. कड्यावरचं एक पडीक दीपगृह. खेळाच्या नियमाप्रमाणे ठाणं मिळालं की त्याच्या दिमतीला एक प्राणी ठेवता येतो. झाडलोट करील, दार उघडील, टोळी बाहेर गेली की घर राखील असा. छोटीला वाटलं होतं, चहा होईपर्यंत हे उरकेल. मग समुद्राची मोठी मोहीम सुरू करायची. त्यासाठी तिने प्रयोगशाळेतल्या उरलेल्या प्लास्टरची बेटं ओतून घरी आणली होती, घासून, रंगवून कपाटावर ठेवली होती. एका बेटाला तर तिने दाढेचा साचा वापरला होता आणि तो डोंगर फार छान दिसत होता.

बेटं कपाटावरच होती. प्राणी काही ठरत नव्हता.

तिने तीन काढले होते. धुरकुट कोळिष्टकं काढायचा, पण कुणी आवाज चढवला की मुसमुसत धुराड्यात जाऊन बसायचा. उलटपाल म्हणजे गुडघ्याएवढी पाल. कामाला वाघ, पण हुकूम उलटा ऐकायची. दार लाव म्हटलं की उघडायची. तिसरा होयबा, उशीसारखा गुबगुबीत, काहीही सांगितलं तरी होय म्हणणारा. म्हटल्याप्रमाणे करील की नाही, ते त्याच्या मनावर.

तिघांचं एकमत झालं पाहिजे, हा नियम छोटीनेच घातला होता आणि आता तोच तिच्या मानगुटीवर बसला होता. मागे एकदा बहुमताने घोडे विकून खेचरं घेतली, तेव्हा वहिनीने दादाशी अबोला धरला होता. खेळात नव्हे, घरात.

"उलटपालीचं काय?" छोटीने विचारलं.

"आग लागली," दादा म्हणाला, "आणि घाबरून कुणीतरी ओरडलं, पाणी आण. मग?"

"मग पाणी आणू नको म्हणायचं."

"आगीत कुणाला सुचतं ते?"

"आग लागणारच नाही. मी लावली तरच लागेल. आणि मी लावणार नाही."

"असं धरून चालता येत नाही," दादा म्हणाला. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. जी वस्तू नीट चालू आहे तिच्यात काय बिघडू शकेल हे शोधायचाच त्याला पगार मिळत होता. "होयबा तर विचारूच नको. जो तोंडावर होय म्हणतो आणि करत नाही, त्याच्या भरवशावर घर टाकून जायचं कसं?"

"दीपगृह," छोटी म्हणाली. "दीपगृह टाकून जायचंय. त्यात एक तुटकी खाट आणि दोन पिंपं आहेत."

चहा संपला, डॉक्टर घोरायला लागले आणि तो रविवार आधीच्या रविवारासारखाच वाया गेला.

त्या आठवड्यात छोटीचं कशात लक्ष लागेना. एका कवळीचे पुढचे दात तिने तिरके बसवले, पुन्हा मेण वितळवून नव्याने लावले. जोडीची सहकारी रजेवर असल्यामुळे महिनाभर दोघींचं काम ती एकटीच ओढत होती. अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे जाणंही त्यामुळे झालं नव्हतं. ते दादा-वहिनीजवळ राहायचे. ती फोन करायची, अण्णा "बरा आहे" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पण त्यांचं फोनवरचं बोलणं आयुष्यभर एवढंच होतं.

घासणीच्या चाकावर कवळी धरल्याधरल्या तिने मनाशी ठरवलं, दादाला वाद घालायला जागाच ठेवायची नाही. त्याच्या सगळ्या शंका गोळा करून तिने एक चौथा प्राणी तयार केला. दिवसरात्र जागा. अंगात बळ, पण हात हलके. रागावत नाही, विसरत नाही, मोठ्याने बोलत नाही. वाऱ्याने विरत नाही. गंमत म्हणून त्यात काही उरलंच नव्हतं, तो प्राणी कसला, एखादं फडताळ होतं. तरी चालेल, ती म्हणाली. एकदाचं होऊ दे.

पुढच्या रविवारी तिने तो दादासमोर मांडला. दादाने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. छोटीचा हात कपाटावरच्या बेटांकडे गेलाही.

"इतका चांगला आहे," दादा सावकाश म्हणाला, "तर मग मोकळा कसा? आपल्याकडे यायला कसा तयार झाला? काहीतरी खोट असणार."

वहिनीने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"हेच," ती म्हणाली. "शब्द न् शब्द हेच. मंगळवारी त्या बाईंना तू हेच म्हणालास."

"इथे नको," दादा म्हणाला.

"इथे नको, तिथे नको. आधीची बारीक होती म्हणून नको. तिच्या आधीचा मुलगा फार हसतो म्हणून नको. या बाई चांगल्या आहेत म्हणून नको. माझी रजा संपली, तुझी संपत आली. आणि आठवड्यातून एक दुपार मिळते ती तू एका पालीत खोट काढण्यात घालवतोस."

डॉक्टर पूर्ण जागे झाले होते.

"कुठल्या बाई?" छोटीने विचारलं.

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा टेबलाची कड अंगठ्याने घासत होता, डाग नसताना.

"अण्णा पडले," तो म्हणाला. "न्हाणीघरात. खुब्याला चीर गेलीय. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले. आराम करायचा, आधार घेऊन थोडं चालायचं. पण दिवसभर जवळ कुणीतरी हवं."

"कधी?"

"झाला महिना."

छोटीला आधी काही कळेचना. महिनाभर ती या माणसासमोर बसून धुराच्या प्राण्याला वारा लागेल का यावर डोकं फोडत होती. "मी फोन केला होता," ती म्हणाली. "किती वेळा केला होता. ते बरा आहे म्हणाले."

"त्यांनीच शपथ घातली होती," वहिनी म्हणाली. "आणि हा म्हणाला, तिला कळलं तर ती म्हणेल माझ्याकडे आणा. तीन मजले चढवून कुठे आणणार?"

"हे मला सांगून मग ठरवायचं होतं. मी काय म्हणेन ते तुम्हीच ठरवलंत आणि त्यावर नकारही तुम्हीच दिलात?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "मीच ते फोटो पाहिले होते, हाडाचे."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं." छोटी उठली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला. "सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला सोडून."

"छोटी, बस जरा," दादा म्हणाला.

"बसत नाही. चपला घाला. मला अण्णांना बघायचंय."

बसमध्ये ती दादाच्या शेजारी बसली नाही. वहिनीच्याही नाही. पुढे ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली, जागा असूनही.

अण्णा खिडकीशी खुर्चीत होते. समोर चार पायांचा वॉकर, त्यावर त्यांनी टॉवेल वाळत टाकला होता. शेजारच्या काकू स्वेटर विणत सोबतीला बसल्या होत्या, त्या माणसं आलेली पाहून सुटका झाल्यासारख्या निघून गेल्या. अण्णा उमेदीत गोदीत क्रेन चालवायचे. सगळं आयुष्य उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून काढलेलं. जमिनीवरच्या माणसांशी वागताना ते अजूनही थोडे लांबून बोलत असल्यासारखं बोलायचे.

"गुपित फुटलं का?" छोटीला बघून त्यांनी दादाला विचारलं.

"मला का नाही सांगितलंत?" छोटी म्हणाली.

"सांगून काय झालं असतं? हाड लवकर जुळलं असतं?"

"मी आले असते."

"आली असतीस, रडली असतीस. मग मला तुझी समजूत काढावी लागली असती. मला बसून राहायचा सल्ला आहे."

ती रडली नाही. वॉकरवरचा टॉवेल ओढून काढला, झटकला, घडी घातली. त्यांचे पाय किती बारीक झाले आहेत हे तिला दिसलं आणि तिने नजर वळवली.

"तुम्ही बाया नको म्हणता की दादा?" तिने विचारलं.

"मी कधीच नाही म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात चाला, मी होय म्हणतो. तुझी वहिनी म्हणते औषध घ्या, मी होय म्हणतो. तुझा भाऊच प्रत्येकीला आत आणतो आणि चौकीवर पकडल्यासारखी चौकशी करतो."

"त्यांना उचलताना पाडलं म्हणजे?" दादा दारातून म्हणाला. "मी कामावर असेन. मला कोण सांगणार?"

"तू घरात असताना पडलो मी," अण्णा म्हणाले.

दादा आत निघून गेला. छोटीला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही. म्हणून तिला स्वतःचाच आणखी राग आला.

"आणि हा खेळ कसला आहे तुमचा?" अण्णांनी विचारलं. "दर रविवारी हा तोंड फुगवून परत येतो."

छोटीने सांगितलं. टोळी, दीपगृह, चार प्राणी. सांगताना ते सगळं तिला फार बालिश वाटलं, पण अण्णांनी मधे तोंड घातलं नाही. फक्त एकदा विचारलं, "दिवा कोण लावतं?"

"तो प्राणी लावील. ठरला तर."

"हं," अण्णा म्हणाले.

पुढच्या रविवारी खेळ दादाच्या घरी ठेवायचा, हे छोटीने कुणाला न विचारता ठरवलं. बेटं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून तिने पिशवीतून नेली. एक वाटेत मोडलं. वहिनीने तिला न सांगता आणखी एक गोष्ट ठरवली होती. मंगळवारच्या त्याच बाईंना तिने पुन्हा बोलावलं होतं, नेमकं खेळाच्या वेळी. सगळ्यांसमोर दादाला फार ताणता येणार नाही, असा तिचा हिशेब होता.

बाई रुंद बांध्याच्या, पांढऱ्या केसांच्या होत्या. दादाने उठून खुर्ची दिली आणि लगेच सुरू केलं. किती वर्षं करताय, आधी कुठे होतात, उचलता कसं, फोन जवळ ठेवता का. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. शेवटी त्याने तोच प्रश्न काढला. एवढा अनुभव आहे, तर मग मोकळ्या कशा?

"आधीचे आजोबा गेले," बाई म्हणाल्या. "म्हणून मोकळी आहे."

दादाने मान खाली घातली.

"या कामात असंच असतं," बाई म्हणाल्या, जणू त्याचीच समजूत घालत असाव्यात. मग अण्णांकडे वळल्या. "तुम्हाला काही विचारायचंय?"

"मी वाईट बोलतो," अण्णा म्हणाले.

"मोठ्याने की टोचून?"

"दोन्ही."

"मोठ्याने बोललेलं मला चालतं. टोचून बोललात तर मीही बोलेन."

"मग आपलं जमायचं नाही."

"बघू," बाई म्हणाल्या. "सोमवारी येते. नाही जमलं तर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगीन." आणि त्यांनी दादाकडे नाही, वहिनीकडे पाहून वेळ विचारली. वहिनीने सांगितली. दादा काहीतरी बोलायला गेला, पण बाई तोवर चपला घालत होत्या.

"झालं," वहिनी दार लावून येत म्हणाली. "आता तो दुसरा ठरवा, म्हणजे मी सुटले."

छोटीने बेटं मांडली. चारही प्राणी पुन्हा एकदा सांगितले. डॉक्टर म्हणाले, कुठलाही. वहिनी म्हणाली, उलटपाल. दादा म्हणाला, "पण आग—"

"दादा," छोटी म्हणाली, "मी आता हे चारही प्राणी पोत्यात भरून समुद्रात टाकून देईन. तुझ्यासकट."

"तो होय म्हणणारा कोण करतं?" अण्णा खुर्चीतून म्हणाले.

"कोण करतं म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या वतीने कोण बोलतं?"

"मीच बोलते. सगळ्यांच्या वतीने मीच बोलते."

"मग तो मला द्या. मला इथून तुमचं सगळं ऐकू येतंय. नुसतं ऐकून कंटाळा आला."

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती काय म्हणते याची वाट न बघता वहिनीने अण्णांची खुर्ची टेबलाशी ओढली, डॉक्टरांनी वॉकर बाजूला केला. होयबाची नेमणूक झाली. एकमताने झाली की नाही, हे कुणी विचारलं नाही.

छोटीने खोल श्वास घेतला आणि इतके दिवस तुंबलेली मोहीम सुरू केली. संध्याकाळ झाली आहे. टोळी बेटावर नकाशाच्या शोधात निघाली आहे. त्यांचं सामान, शस्त्रं, वर्षभरात मिळवलेलं सगळं घेऊन एक जहाज दीपगृहाकडे येत आहे. योद्धा नोकराला हुकूम देतो.

"दिवा लाव," दादा म्हणाला.

"होय," अण्णा म्हणाले.

टोळी बेटावर पोचली. वहिनीने दोन पहारेकऱ्यांच्या खिशातून किल्ल्या काढल्या. डॉक्टरांनी चक्क जागेपणी एक मंत्र टाकला आणि तो लागला. छोटीला वाटलं, अखेर गाडी रुळावर आली. मग तिला आठवलं आणि तिने अण्णांना विचारलं, "दिवा लावला ना?"

"नाही."

"होय म्हणालात ना?"

"म्हणालो. तो होयच म्हणतो, असं तूच सांगितलंस. करायचं की नाही, ते माझ्या मनावर. मी विचार केला, याने आपल्याला एका शब्दाने विचारलं नाही, जेवलास का, बसलास का. नाही लावत."

"अण्णा, जहाज खडकावर आपटेल."

"आपटू दे."

छोटीने सगळीकडून विचार केला. नियम तिचेच होते. जहाज वाचवायला फासे टाकून पाहिले. पडू नये ते पडलं. कितीतरी आठवडे घोकलेली मोहीम, तीन बंदरं, मागून येणाऱ्या गलबतातले चाचे, सगळं पहिल्याच संध्याकाळी पाण्याखाली गेलं.

"जहाज बुडालं," ती म्हणाली.

"माझी ढाल त्यात होती," दादा म्हणाला.

"होती," छोटी म्हणाली.

दादा लालबुंद झाला. वहिनी पदराआड हसत होती की रडत होती ते कळेना. डॉक्टर म्हणाले, आता पोहत जायचं का? आणि दादा वडिलांशी वाद घालायला लागला, दिवा लावायला कितीसा वेळ लागतो, एवढं एक काम सांगितलं होतं. अण्णाही त्याला सोडेनात. महिनाभरात त्या घरात इतकं मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. छोटी मात्र बेटं गोळा करत होती. ही बेटं पुढच्या वेळी कुठे मांडायची, हे तिला सुचत नव्हतं, आणि ज्याने सगळं बुडवलं त्याच्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून ती डॉक्टरांवर खेकसली की कागद चहात भिजतायत, उचला.

संध्याकाळी दादा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला.

"उद्या पहिला दिवस आहे बाईंचा," तो म्हणाला. "मला सुट्टी नाही मिळाली."

"मी जाईन दुपारी. सहकारी येतेय उद्यापासून."

"नुसती बघून ये. काही बोलू नको त्यांना."

"मला काय बोलायचं ते मी ठरवीन."

दादाने मान हलवली. थांब्याच्या फलकावरचा एक सुटलेला स्क्रू त्याला दिसला होता, तो नखाने पिळत राहिला.

"तू अजून चिडलेली आहेस," तो म्हणाला.

"आहे."

"किती दिवस?"

"ते मला माहीत नाही, दादा. बस आली."

तिने पिशवी छातीशी धरली आणि चढली. खिडकीजवळ जागा मिळाली. दादा अजून तिथेच उभा होता, स्क्रूकडे बघत.